धरणीचा ठोका

लालासाहेबांच्या कोरड्या विहिरीभोवती सकाळी आठलाच मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. विट्याची माणसं सायकली मारत आली होती, तासगावाकडून बैलगाड्या आल्या होत्या, आणि खुद्द खडकेवाडीत तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही बाज सोडली होती. विहिरीच्या तळाशी, मुरमात आडव्या खणलेल्या भुयाराच्या तोंडाशी, धरणीनाथ महाराज बसले होते. अंगाला भस्म, गळ्यात कवड्या, एका हातात लोखंडी चिमटा, दुसऱ्यात चिलीम आणि पुढ्यात पितळी परात.

"आणा रं मायचा परसाद!"

खणकाम करणाऱ्या केरूनं भुयारातून मातीची पाटी आणून परातीत रिकामी केली. महाराजांनी पाणी ओतलं, परात गोल गोल फिरवली, डोळे मिटून झुरका घेतला, धूर मातीवर सोडला आणि चिलीम परातीच्या काठावर ठकाठक आपटली. गाळ वाहून गेला. तळाशी पिवळी चमक उरली.

"दिलं रं मायनं, दिलं!"

वरून हलगी कडाडली. गर्दीतून वाट काढत जोतीराम तात्या खाली उतरले. चाळीस वर्षं परमुलखात गलाईचं दुकान चालवून, म्हणजे लोकांचं सोनं वितळवून शुद्ध करून देऊन, गावी परतलेला हा माणूस. त्यांनी एक कण कसोटीवर घासला, तेजाबाचा थेंब सोडला आणि ओरडले, "शंभर नंबरी! माज्या मुशीतनं निगतं तसंच! एक गुंज खोट न्हाई!"

झालं! अख्ख्या गर्दीनं हात जोडले. या भागातल्या माणसाला सोन्यातलं कुणी काय शिकवायचं? पितळ असतं तर पहिल्याच दिवशी महाराजांची गाढवावरून वरात निघाली असती. पण सोनं अस्सल होतं, म्हणून महाराजही अस्सल. हुशार माणूस फसतो तो असा, स्वतःच्या हुशारीच्या कडेवर बसून.

विहिरीच्या तळाशी, सगळ्यांत पुढं, इस्त्रीच्या शर्टात, घाम पुसत सयाजी उभा होता. लालासाहेबांचा धाकटा भाऊ. कोलारच्या सोन्याच्या खाणीत अठरा वर्षं काढून तो सीनियर इंजिनिअर झाला होता. 'ताबडतोब ये' एवढीच दादाची तार मिळाल्यावर आई गेली की काय, या धास्तीनं तो रात्रंदिवस प्रवास करून आला. आई ठणठणीत होती. ठणठणीत नव्हतं ते गाव.

दोन महिने हा खेळ चालला होता. महाराज म्हणाले, सोनं पेराल तर सोनं उगवंल, पण बी शुद्ध पाहिजे. मग बायकांनी डोरली, बुगड्या, पुतळ्या काढून दिल्या. तात्यांनी त्या गाळून शुद्ध सोन्याचा बारीक रवा केला आणि महाराजांनी तो एकट्यानं भुयारात जाऊन 'पेरला'. सोन्यावर सरकारी निर्बंधाचे ते दिवस होते, त्यामुळे गाळणं-पेरणं सगळं गुपचूप. आज घरटी एक माणूस उगवलेलं सोनं काढायला भुयारात उतरणार होता, आणि त्याआधी खाणीचा साहेब आत जाऊन नारळ फोडणार, असं दादांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

"दादा, भुयाराला लाकडाचा एक टेकू नाही," सयाजी दबक्या आवाजात म्हणाला. "हा मुरूम आहे. माणसं गाडली जातील."

दादा काही बोलायच्या आत महाराजच गरजले. "टेकू? आईच्या पोटाला टेकू लावतोस व्हय रं?"

लोक हसले. सयाजीचे कान तापले.

"ऐका समदी!" महाराजांनी चिमटा वाजवला. "आज माय आतनं ठोका देनार. ठोका आला की लोखंड खाली! हलगी वाजवायची, आरती म्हनायची. खना असं कुनी बी म्हनलं तरी खनायचं न्हाई. आवं, मी सोता म्हनलो तरी न्हाई! त्यो मायचा चकवा असतोय."

"धरणीमायच्या नावानं चांगभलं!"

दादांनी सयाजीचा दंड धरला. "सया, मी शबूद दिलाय. तू न्हाई म्हनलास तर भावकीत मला तोंड दावाय जागा न्हाई."

खाणीत शेकडो माणसं ज्याच्या हुकुमानं खाली उतरत, तो माणूस दादाच्या चार बोटांत अडकला. नाही म्हणावं तर भाऊ जातो, हो म्हणावं तर जीव. शेवटी तो म्हणाला, "मी जातो. पण माती मी माझ्या हातानं काढणार, आणि महाराजांनी माझ्याबरोबर यायचं."

महाराजांचा चेहरा क्षणभर उतरला. पण एवढ्या माणसांत मागं सरणार कसे? पुढं केरू कंदील घेऊन, मधे पहार घेतलेला सयाजी आणि मागं महाराज, असे तिघं वाकून आत शिरले.

तीस फूट आत गेल्यावर सयाजीनं खाणीतल्या सवयीनं पहारेचं टोक छताला हळूच लावलं. घट्ट खडक खणखणतो. हा भद्द वाजला. पुन्हा लावलं, पुन्हा भद्द.

"मागं फिरा," तो कुजबुजला. "आवाज करू नका."

पण महाराजांना वाटलं, बाहेरची माणसं ऐकतायत, मायचा ठोका द्यायची हीच वेळ. चिमटा उंचावून त्यांनी छतावर हाणला. "दे माय! दे!"

मायनं दिलं. महाराजांच्या पाठीमागं गाडीभर मुरूम धाडकन खाली आला आणि उजेड गेला. धुळीनं तिघांची छाती भरली. कंदील तेवढा जगला.

"आगं आयायायाय! मेलो, मेलो!" महाराज भिंतीला चिकटून ओरडत होते.

सयाजीनं पहिल्यांदा केरूचे हातपाय चाचपले, मग महाराजांचे. तिघंही धड होते. त्यानं कंदील विझवला. "याला हवा लागते आणि आपल्यालाही. हळू श्वास घ्या. बाहेर शंभर माणसं आहेत, तासाभरात काढतील."

त्यानं पहारेनं पायाखालच्या कातळावर ठोके दिले. तीन ठोके, थांब, तीन ठोके. खाणीत एवढ्या खुणेवर खालचा-वरचा प्रत्येक माणूस धावतो. आणि खरंच, मुरमाच्या पलीकडून गलका ऐकू आला.

"ऐकलं त्यांनी!" सयाजीला हायसं वाटलं.

मग हलगी सुरू झाली.

तो ऐकत राहिला. हलगीमागून झांजा आल्या, झांजांमागून आरती. फावड्याचा आवाज येईना.

"सायब," अंधारातून केरू म्हणाला, "महाराजांनीच सांगितलंय न्हवं? ठोका आला की खनायचं न्हाई."

अठरा वर्षांत त्यानं पाणी पाहिलं होतं, आग पाहिली होती, दरड पाहिली होती. पण आत माणूस ठोकतोय आणि बाहेर टाळ्या वाजतायत, हे त्यानं कुठल्या खाणीत पाहिलं नव्हतं.

"महाराज, तुमी सांगा की मायला," केरू काकुळतीला आला. "वाट दे म्हनावं. तुमचं ऐकती न्हवं का ती?"

महाराजांचे नुसते हुंदके ऐकू येत होते. मग काडी ओढल्याचा आवाज झाला. उजेडात महाराजांचे हात चिलमीला काडी लावताना दिसले. सयाजीनं काडी विझवली आणि चिलीम हिसकावून घेतली. राख त्याच्या तळहातावर सांडली. ती राखेसारखी हलकी नव्हती. बोटांनी चोळली, तशी किरकिर लागली. त्यानं ती जपून रुमालात बांधली आणि चिलमीसकट खिशात ठेवली.

"असं आहे होय," तो म्हणाला.

केरूनं ढिगाऱ्याच्या माथ्याला पहार खुपसायला घेतली. हात सोलले, घाम डोळ्यांत गेला, पण ती शेवटी आरपार गेली. मूठभर भोक पडलं आणि गार हवेची एक रेघ आत आली. आरतीचा आवाज आता स्पष्ट येत होता.

छतातून पुन्हा मुरूम गळू लागला. "हे कडवं संपलं की ओरडा," सयाजी महाराजांना म्हणाला. "तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार नाहीत."

आरती थांबली. महाराजांनी भोकाला तोंड लावलं. "खना रं! मी महाराज बोलतोय! लौकर खना!"

बाहेरून दादांचा आवाज आला. "कुनी हलू नका! चकवा हाय त्यो. महाराज आदीच बोललं हुतं!"

"आरं चकवा न्हाई! मीच हाय!"

"बगा, अक्षी महाराजांचाच आवाज काडतोय!"

आणि हलगी दुप्पट जोरानं वाजायला लागली. महाराज खाली कोसळले. आपण विणलेल्या जाळ्यात आपणच, वर गाठही आपणच मारलेली. सयाजीला दया आली आणि रागही आला, पण त्याहून जास्त आठवली ती आपली बायकामुलं. तिथं कोलारला ती त्याच्या खुशालीच्या पत्राची वाट बघत असतील.

"एकच उपाय उरलाय," तो म्हणाला. "आज्ञा करू नका. खरं सांगा. सगळं."

"मारतील मला, सायब."

"ते मारायला आधी बाहेर तर काढतील ना?"

हलगी पुन्हा थांबली, तेव्हा भुयारातून आलेला आवाज रडका होता. "आरं बाबांनो, माय ठोकत न्हाई! सायब ठोकतोय! सोनं जमिनीत न्हाई, माज्या चिलमीत हुतं! तुमचंच सोनं, तात्यानं गाळलेलं! राखंत मिसळून मी परातीत पाडत हुतो!"

फावड्याचा आवाज तरीही येईना. मग एका बाईचा आवाज भोकापर्यंत पोचला. केरूची बायको, जाईबाई. तिनंही बी म्हणून डोरलं दिलं होतं.

"तुमची माय ऱ्हाऊ द्या तिकडं! माजा मानूस आत हाय!"

आणि कुदळ मुरमात घुसल्याचा आवाज आला. एक. दुसरा. मग बापई माणसांना लाज वाटली असावी, कारण फावडी सुरू झाली. "वरून काढा! बाजूंना फळ्या लावा!" सयाजी भोकातून सांगत राहिला, आणि ऊन माथ्यावर आलं तेव्हा तिघं बाहेर निघाले. जाईबाईनं केरूच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली आणि त्याला एक रट्टाही दिला.

महाराजांवर हात उगारले गेले. सयाजी आडवा उभा राहिला. "मारू नका. तुमचं बाकीचं सोनं कुठं आहे ते सांगायला जिवंत पाहिजे तो." मग त्यानं सगळ्यांसमोर आधी नुसती माती परातीत धुतली. काही निघालं नाही. पुन्हा माती घातली, वर रुमालातली राख झटकली आणि परात फिरवली. तळाशी पिवळी चमक आली.

"पन सोनं तर शंभर नंबरी हाय!" तात्या पुटपुटले. "मी सोता घासलंय."

"तिथंच तर चोर सापडला, तात्या. खडकातलं सोनं कधी एकटं नसतं, त्यात चांदी मिसळलेली असतेच. ती काढायलाच तर तुमची गलाई. आमच्या खाणीतून मी आजवर शंभर नंबरी कण निघालेला पाहिला नाही. शंभर नंबरी सोनं माणूस करतो. तुमच्या हातचं काम तुम्ही ओळखलंत, आणि देवाच्या नावावर लावून मोकळे झालात."

तात्यांनी कसोटी खिशात घातली आणि मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सया," दादा जवळ आले. "मी... आरती म्हनत हुतो रं. तू आत ठोकत हुतास, आन मी आरती म्हनत हुतो."

"चूक माझीही आहे, दादा. छत बघितल्यावर मी ठाम नाही म्हणायला हवं होतं. तुमच्या शब्दाला घाबरलो." सयाजीनं गर्दीकडं बघितलं. आवाज चढवला नाही, पण विहिरीत तो घुमला. "सोनं घासून बघता, तसं बोलणं पण घासून बघा. जो माणूस म्हणतो प्रश्न विचारू नका, त्यालाच आधी विचारा. आणि जमिनीतून ठोका आला तर हात जोडत बसू नका. कुदळ घ्या. आत माणूस असतो."