थेल्मासाठी शुक्रवारचे वाचन

"केक दारातच ठेव, कोरल," मान न वळवताच डेस म्हणाला.

"केक नाही आणला."

तेव्हा मात्र करवत थांबली, कानस थांबली आणि शेडमधले सगळे म्हातारे वळून पाहू लागले. किनाऱ्यावरच्या पोर्ट ऑर्चर गावातली ही निवृत्त पुरुषांची शेड. बुधवारी त्यांनी इथे ठोकाठोक करायची आणि बायकांनी दारात केक देऊन मागे फिरायचे, असा कुणी न केलेला पण सगळ्यांनी पाळलेला नियम होता. कोरलनेही तो वर्षानुवर्षे पाळला होता. आज ती थेट आत आली आणि कवेतला संगणक तिने रंध्याच्या भुशावर ठेवला.

"दुरुस्त कर. शुक्रवारच्या आत."

शुक्रवारचे कारण सगळ्या गावाला ठाऊक होते. दर शुक्रवारी कोरल गावचे साप्ताहिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून संगणकात भरायची आणि थेल्माला पाठवायची. तरुणपणी दोघी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खांद्याला खांदा लावून बसत. सगळ्या गावाचे फोन त्यांच्या हातांनी जोडले जात. मग एके दिवशी शहरातून माणसे आली, त्यांनी एक लोखंडी कपाट उभे केले आणि ते कपाट आपले आपण फोन जोडू लागले. दोघींना एकेक टी-सेट देऊन घरी पाठवले. तुम्हाला काय वाटते, असे कुणी विचारलेदेखील नाही.

आता थेल्माची दृष्टी पार गेली होती आणि ती ॲडलेडच्या वृद्धाश्रमात होती. गावाशी तिचा उरलेला धागा म्हणजे ते शुक्रवारचे वाचन. मागच्या शुक्रवारी वाचता वाचताच संगणक मान टाकून बसला. थेल्माला काहीच मिळाले नाही.

"आई, सोड ना आता," मुलगा ग्रॅम फोनवर म्हणाला होता. "तिथल्या मुली वाचून दाखवतील तिला."

"त्यांना आपल्याकडचं पोल्किंगहॉर्न हे आडनाव तरी म्हणता येतं का, विचार आधी," कोरलने उत्तर दिले होते.

डेसने सारी हयात कापणीयंत्रे दुरुस्त केली होती. त्याने संगणक उघडून पाहिला, चालू करून पाहिला. "घर भक्कम आहे गं. भाडेकरू डोईजड झालाय, म्हणजे आतली चालवणारी प्रणाली. कंपनी आता या वयाच्या यंत्रांकडे बघत नाही. तिच्या जागी लिनक्स घालू. फुकट मिळतं आणि जुन्या घरात सुखानं नांदतं."

"मग घाल."

"मी नाही, तू." डेसने दोन्ही हात खिशात घातले. "शेडचा कायदा आहे. ज्याचं यंत्र, त्याचे हात. मी नुसतं तोंड चालवणार."

"ते तुला जमतंच म्हणा."

शेड खदखदून हसली. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची आणली, कुणी चहाचा मग.

जुनी वाचने तिने आधी संगणकाला जोडायच्या एका छोट्या डबीत उतरवून घेतली. मग पडद्यावर प्रश्न आला : जुने सगळे पुसायचे का? तिचे बोट अडखळले.

"एकदा पुसलं की परत मागं जाता येणार नाही?"

"नाही," डेस म्हणाला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. "नको वाटत असेल तर आत्ताच सांग. यात लाज कसली."

कोरलला ते लोखंडी कपाट आठवले. तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर दुसऱ्यांच्या हातात होता. आज निदान बोट तिचे होते. तिने कळ दाबली.

शुक्रवारी सकाळी घरी बसली तर एकही वस्तू जागेवर नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधावे तसे झाले. आवाज भरण्याचा प्रोग्रॅम अजून घालायचा होता. डेसने सांगितलेली ओळ तिने काळ्या चौकटीत लिहिली. संगणकाने पासवर्ड मागितला. ती टाइप करू लागली, पण काही उमटेना. पूर्वी अक्षरागणिक एकेक ठिपका तरी पडायचा. तिने कळा जोरात दाबल्या. संगणकच उलटा करून कळफलक झटकला, तेव्हा बिस्किटांचा चुरा तेवढा पडला. पुन्हा प्रयत्न केला, तर नकार आला. तिचे डोळे भरून आले. कोणी सांगितले होते या वयात नवा संसार मांडायला?

तिने फोन लावला. डेस लॉन बोल्स खेळायच्या हिरवळीवर होता.

"कळफलक मेला, डेस."

"कशावरून?"

"पासवर्ड उमटतच नाही."

पलीकडे तो इतका हसला की खेळणाऱ्यांनी काय झाले म्हणून विचारले आणि त्याने त्यांनाही सांगितले. म्हणजे दुपारपर्यंत गावभर होणार.

"अगं बाई, तिथं तो दिसतच नाही. शेजारी उभ्या असलेल्याला अक्षरं किती तेही कळू नये, म्हणून. तू निमूट टाक आणि एंटर दाब. त्याला सगळं कळतंय."

"घरात मी आणि मांजर. मांजराला काय करायचाय माझा पासवर्ड?"

"लिनक्स मांजरावरही विश्वास ठेवत नाही."

तिने पडद्याकडे न बघता एकेक अक्षर नीट दाबले, एंटर दाबले आणि काळ्या चौकटीत ओळी भराभर धावू लागल्या. थोड्या वेळाने ती माइकमध्ये म्हणाली, "थेल्मा, ऐकू येतंय का?" आणि तिचाच आवाज, जरा थकलेला पण स्वच्छ, तिच्याकडे परत आला.

तिने वाचायला घेतले. धक्क्याची डागडुजी, नेटबॉलचे निकाल, कृषी प्रदर्शनात स्कोन नावाच्या गोड पावांच्या बक्षिसावरून झालेले भांडण. शेवटचे पान उलटले आणि ती थबकली. मग "या आठवड्यात एवढंच" म्हणून तिने वाचन संपवले आणि पाठवून दिले.

दुपारी थेल्माचा फोन आला.

"मला वाटलं, मेलीस तू."

"मी नाही, संगणक. आता त्यात लिनक्स घातलंय."

"ते काय असतं?"

"तेच शिकतेय अजून."

"स्वच्छ येतोय आवाज. आणि स्कोनच्या भांडणात तू आयलीनची बाजू घेतलीस, तेही आलं ऐकू."

कोरल हसली. कितीतरी दिवसांनी थेल्मा अशी टोचून बोलत होती.

"शेवटचं पान का खाल्लंस?" थेल्माने विचारले.

"कुठलं पान?" कोरल म्हणाली.

"आंधळी झालेय, बहिरी नाही. पान उलटल्याचं ऐकलं मी. निधनवार्तांत कुणाचं नाव आहे?"

"मर्व्ह होस्किंगचं."

मर्व्ह सभागृहातल्या नाचांना अकॉर्डियन वाजवायचा. एका उन्हाळ्यात, वाजवायचे टाकून, तो फक्त थेल्माबरोबर नाचला होता. लग्न दोघांनी वेगवेगळ्या माणसांशी केले.



"नव्यावरचं पहिलंच वाचन," कोरल पुटपुटली. "म्हटलं, आनंदाचं असावं."

"ते माझं मी बघेन. तू सगळं वाचायचंस." थेल्माचा आवाज खाली आला. "आणि आत्ता फोनवर नको सांगूस. भरून पाठव. पुन्हा ऐकता आलं पाहिजे मला."

कोरल टेबलापाशी गेली. पान तळहाताने सारखे करून तिने वाचले : मर्व्हिन जॉन होस्किंग. सावकाश, एकही अक्षर न गिळता. मुलांची नावे वाचली, नातवंडांची वाचली, अंत्यविधीची प्रार्थना कुठे आहे ते वाचले. वाचून संपल्यावर तिने लगेच बंद केले नाही. उठून खिडकी उघडली. धक्क्याकडून वारा येत होता आणि तारेवर मॅगपाय पक्षी गात होते. तेही थोडा वेळ भरू दिले आणि मग पाठवले.