मेन स्विच

आयर्लंडमधल्या नास गावच्या मराठी मंडळींत उल्हासचा शब्द म्हणजे शेवटचा, निदान उल्हासच्या मते तरी. गेल्या नोव्हेंबरात त्याने मंडळात ‘हिवाळा आणि आपले पाइप’ या विषयावर चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. घर सोडून जाताना हीटिंग मंद चालू ठेवा, नाहीतर पोटमाळ्यावरच्या टाकीचे पाइप गोठून फुटतील आणि बर्फ वितळला की छत खाली येईल! स्लाइडवर भिजलेल्या सोफ्याचा फोटो होता, इंटरनेटवरून उचललेला. "एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही म्हणजे कमाल आहे," असं वर म्हणालाही. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, कारण मागे गरम बटाटेवडे आले होते.

डिसेंबरात साहेब सहकुटुंब पुण्याला निघाले. हीटिंग मंद ठेवलं, ॲपवर तपासलं, बायकोला दाखवलं. टॅक्सी दारात आली. निशिगंधा बॅगा बाहेर काढत होती आणि उल्हासचा हात गेला थेट मीटरच्या बॉक्सकडे. खट्! मेन स्विच बंद. अहो, लहानपणापासूनची सवय! गावाला निघताना गॅस, नळ आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय अण्णा कुणाला रिक्षात बसू द्यायचे नाहीत. हाताने वडिलांचं ऐकलं, डोक्याला पत्ताच नाही.

कोथरूडच्या घरी नातेवाईक जमलेले बघून उल्हासला राहवेना. "इथे बसून मी तिकडचं घर गरम करतो, बघा," म्हणत त्याने फोनवर बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, ‘ऑफलाइन’.

"वायफाय गेलं असेल," उल्हास म्हणाला.

"निघताना मेन स्विच बंद केलास ना?" अण्णांनी काळजीने विचारलं.

उल्हासने घाईघाईने फोनवर हवामान उघडलं. नासला तेव्हा उणे सहा होतं.

"मेधाला फोन कर," निशिगंधा त्याला आत नेऊन म्हणाली. मेधा म्हणजे त्यांच्याच गल्लीत राहणारी, तिथल्या हॉस्पिटलातली डॉक्टर. घराची किल्ली तिच्याकडेच होती, आणि मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुपही.

"वेडी आहेस का? भाषण देणाऱ्यानेच हीटिंग बंद केलं, हे सगळ्या ग्रुपला कळेल!"

"कळू दे की! इतकी वर्षं भाड्याच्या घरांत काढून आत्ता कुठे आपलं घर झालंय. त्याचं काय?"

"काही होत नाही गं. तिकडचे लोक म्हणतात ना, तसं होईल सगळं ग्रँड."

मग चुलतबहिणीच्या लग्नात हा गृहस्थ अक्षता टाकायच्या सोडून नासचं तापमान बघत बसला. एके सकाळी आकडा शून्याच्या वर गेला. "वितळलं! वाचलो!" म्हणत त्याने दोन वाट्या श्रीखंड हाणलं. वितळल्यावर काय होतं, हे स्वतःच सांगितलेलं बेटा साफ विसरला.

दुपारी ग्रुपवर मेधाचा मेसेज आला. "उल्हासच्या दाराखालून पाणी येतंय म्हणून आत आलेय. छतातून धार लागलीय! मेन कॉक कुठे असतो? लवकर सांगा."

उल्हासने टाइप करण्याआधीच कुणीतरी त्याचीच स्लाइड टाकली. सिंकखालचा मेन कॉक बंद करा, मग सगळे नळ उघडून टाकी रिकामी करा. कोपऱ्यात हसऱ्या उल्हासचा फोटो. मागोमाग मेधाने आणखी एक फोटो टाकला. बैठकीच्या खोलीचं अर्धं छत सोफ्यावर लोळत होतं.

निशिगंधाने तो बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझी लाज झाकायला माझं घर बुडवलंस," ती म्हणाली.

"पण मेन स्विच बंद होता ना," अण्णा समाधानाने म्हणाले, "म्हणून त्या मुलीला शॉक तरी बसला नाही!"

तेवढ्यात ग्रुपवर पुन्हा टुणकन वाजलं. निशिगंधाने मोठ्याने वाचलं, "पाणी थांबलं. उल्हास, फोटो जपून ठेव हं. पुढच्या भाषणाला इंटरनेटवरून उचलायला नको."