जावई, सासू आनि भाड्याची स्कूटर

सुट्टीत थंड हवा खायला जावं आनि तिथं स्कूटर भाड्यानं घ्यावी, असं ज्यांना वाटतं त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. आमी बाहत्तर सालीच भंडारदऱ्याला जाऊन आलो. हवाबी खाल्ली, वर मातीबी खाल्ली.

मी मनकर्णा, देवळाली प्रवऱ्याची. घरी ऊस, दोन म्हशी आनि एकुलती एक लेक, बनु. त्या साली वैशाखात धोंड्याचा महिना आला. लेकीच्या लग्नानंतरचा पयला धोंडा, म्हंजी जावयाला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पुरनाचे धोंडे करून वाढायचे. त्या महिन्यात जावई साक्षात नारायन असतो. आता नारायनाला कोन म्हननार, बाबा रे, तुझं चुकलं? तो म्हनंल ती पूर्व दिशा.

आमचा नारायन नगरला एका कचेरीत कारकून हुता. नाव गहिनीनाथ. मानूस वाईट न्हवता, खोटं कशाला बोलू. पन आपल्याला येत न्हाई अशी एकबी गोष्ट त्याला जगात दिसत न्हवती. आमच्या मालकांची उमर उसात गेली, त्यांना ऊस कसा लावायचा ते जावईबापूंनी शिकवलं. मला पुरन कसं वाटायचं ते शिकवलं. म्हशीला काय शिकवलं ते म्हशीलाच ठावं, पन ती पुढं दोन दिस दूध चोरत हुती.

हे समदं आमी हसत हसत गिळत हुतो, कारन आमाला त्यांच्याकडनं एक 'हो' पायजे हुतं. बनु अकरावी पास झाल्याली, वर्गात पयली. मास्तरीन व्हायचं हे येड तिनं परकरात असल्यापासनं घेतल्यालं. संगमनेरला मास्तरनीचा दोन वर्सांचा कोर्स हुता, तिथं तिच्या मामाचं घरबी हुतं. फारम भरायला पंधरा दिस उरले हुते. पन लगीन झाल्याल्या पोरीनं शिकायला जायचं तर नवऱ्यानं हो म्हनाय पायजे. मालक म्हनले, "धोंडे खाऊ दे, भंडारदरा बघू दे. जावई खूश झाले की मी संध्याकाळी विषय काढतो. तवर त्यांच्या मनाविरुद्ध एक अक्षर बोलायचं न्हाई." म्हंजी माझ्या पोरीचं समदं आयुष्य एका मानसाच्या खूश होन्यावर येऊन ठेपलं हुतं.

भंडारदरा ही टूमबी त्यांचीच. चार दिसांची रजा हाय, थंड हवेला जाऊ म्हनले. निघालो. तीन ठिकानी एस.टी. बदलून धरनाजवळच्या शेंडी गावाला पोचलो. मालकांचे दोस्त भिमाजी धरनावर नोकरीला हुते, त्यांच्या खोलीत उतरलो. आमचा ऊस ज्या पान्यावर वाढतो ते धरन मी पयल्यांदाच बघत हुते. पानी पार तळाला गेल्यालं. म्हनलं, यंदा ऊस जगतो का मरतो! जावईबापू कमरंवर हात ठेवून म्हनले, "वा! काय सीन आहे!"

दुसऱ्या दिशी सकाळी चहाच्या टपरीपाशी त्यांना ती दिसली. पिस्त्याच्या रंगाची स्कूटर, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, 'भाड्याने मिळेल'. त्या काळी स्कूटरला नंबर लावला तर पोराच्या बारशाला लावल्याला नंबर त्याच्या लग्नाला यायचा. म्हनून सुट्टीला आल्याली शेरातली मानसं अशी स्कूटर दिसली की तिच्याभवती माश्यांवानी गोळा व्हायची. छगन नावाच्या गड्यानं ती कुन्या साहेबाकडनं जुनी इकत घेतल्याली. गाडी न्यायची तर त्याच्याकडं हातातलं घड्याळ ठेवायचं, अशी त्याची रीत. जावईबापूंनी आमीच लग्नात दिल्यालं घड्याळ काढून ठेवलं.

छगनला मी नावं ठेवनार न्हाई. लेकाच्यानं गाडीचे समदे आजार आपल्या तोंडानं सांगितले. हॉर्न वाजत न्हाई, दिवा लागत न्हाई. "आनि साहेब, पायाचा ब्रेक मधीच दगा देतो. म्हनून उताराला दुसरा गेर टाका, मग गाडी दमानं—"

"मला शिकवू नका," जावईबापूंनी हात वर केला. "नगरला रोज चालवतो."

आता मागं बनुला बसवतील असं मला वाटलं. पन नारायनालाबी पुन्य लागतं! "सासूबाई, चला," म्हनले. "रंधा धबधब्यापाशी देवी आहे म्हणतात. पहिलं दर्शन तुम्हाला घडवतो."

इथं एक सांगाय पायजे. आमच्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलत न्हाई. पदर पुढं वढायचा आनि काय सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. जावई दोन हातांवर बसल्याला असू दे, "अगं बनु, त्यांना इचार, भाकरी वाढू का?" असंच म्हनायचं. शिवायचं तर नावच काढू नका. तवा मी मालकांना म्हनले, "त्यांना म्हनावं, मला चक्कर येती."

मालक माझ्या कानात म्हनले, "चक्कर संध्याकाळी येऊ दे. आता बस गुमान. विषय काढायचाय."

बसले. नऊवारी सावरत, एका अंगाला पाय सोडून. जावयाला धरता येत न्हाई म्हनून दोन्ही हात मागं नेऊन मागची स्टेपनी धरली. पोलिसांनी हात मागं बांधून न्यावं तशी मी देवीच्या दर्शनाला निघाले.

निघाले म्हंजी, गाडी निघंना. जावईबापूंनी अठरा लाता मारल्या. मग छगन आला, त्यानं गाडी एका अंगाला कलती केली, सरळ केली, एकच लात घातली आनि गाडी चालू. जावईबापू म्हनले, "मी गरम करून ठेवली होती."

पयला मैलभर रस्ता सपाट हुता. तेवढ्यात मला कळून चुकलं, की नगरला हा मानूस रोज स्कूटर बघतो, चालवत न्हाई. गेर टाकला की गाडी बेडकावानी उडी मारायची. रस्ता रुंद हुता, पन त्यांना तो पुरत न्हवता. एकदा ह्या गटारीचं दर्शन, एकदा त्या गटारीचं. मधी मान पार मागं वळवून मला म्हनले, "सासूबाई, कसं वाटतंय?" आता पुढं बघ म्हनून सांगायचं कुनाला? तिसरं मानूसच न्हवतं.

बाजूला एक म्हातारा बैल चरत हुता. मी म्हनले, "अरं बैला, त्यांना म्हनावं पुढं बघा!" बैलानं निरोप दिला न्हाई. पुढं मैलाचा दगड आला, त्याला म्हनले, "बाबा, त्यांना म्हनावं आता उतार लागंल, दुसरा गेर टाका." दगडानं काय सांगायचं! मग देवीलाच हाक मारली, "आई, छगन काय म्हनला हुता त्याची आठवन दे गं त्यांना!"

वाऱ्यात त्यांना एवढंच कळलं की मागं देवीचा धावा चाललाय. म्हनले, "म्हणा सासूबाई, मोठ्यानं म्हणा! पुण्य मलाही लागेल!"

आनि उतार आला.

गाडी सुटली. जावईबापूंनी पायाचा ब्रेक दाबला. ब्रेकनं दगा दिला. परत दाबला. मी मागनं बघत हुते, पाय पार खाली टेकल्याला आनि गाडीला त्याची खबरच न्हाई. खाली वळन, वळनापल्याड दरी. काय करायचं ते मला पाठ हुतं. दोन शब्दांचं काम. पन डोळ्यापुढं मालक आले, संध्याकाळ आली, बनुचा फारम आला. बोलले आनि मान दुखावला तर पोरीचं शिक्षन गेलं. न बोलले तर पोरीचा नवराच गेला, वर आई फुकट. आनि तेवढ्यात नारायनानं डोळे मिटून घेतले.

"अरं मुडद्या!" मी वरडले. "डोळं उघड! दुसरा गेर टाक, दुसरा!"

तुमी म्हनाल, धोंड्यात जावयाला मुडद्या म्हनली? म्हनली. खांद्यालाबी धरलं आनि गदागदा हलवलं. त्यांनी दचकून गेर टाकला. गाडी गुरगुरली, दमली, आनि मग दरीकडं जायच्या जागी डोंगराच्या अंगाला करवंदाच्या जाळीत शिरली. आमीबी शिरलो.

मग जावईबापूंनी आपल्या पांढऱ्या पायजम्याकडं बघितलं आनि गळा काढला, "रक्त! सासूबाई, मी गेलो! बनूला सांगा..."

"करवंदं हायत ती," मी म्हनले. "बसलायसा त्यांच्यावर."

त्यांनी बोट लावून चाखून बघितलं, तवा कुठं मेल्याला मानूस जिता झाला. पायजम्याला चिकटल्यालं एक करवंद काढून टाकलं. मग म्हनले, "सासूबाई, मला स्कूटर येत नाही."

"व्हय का? मला वाटलं, रोज अशीच चालवताय."

"तुम्हाला कळत होतं, तर आधी का नाही बोललात?"

आता तोंड उघडलंच हुतं. पदर काट्यात अडकून फाटल्याला, पुढं वढायलाबी काई उरलं न्हवतं. म्हनलं, मानाचं जे व्हायचं ते झालंय, मग कशाला संध्याकाळची वाट बघा? "बोलले न्हाई ते बनुपायी," मी म्हनले. "तिला संगमनेरला मास्तरनीच्या कोर्साला जायचंय. तुमी हो म्हनावं म्हनून तुमी आल्यापासनं समदं घर तुमची आरती वोवाळतंय. आता सांगा, धाडताय का न्हाई?"

जावईबापू तसेच माझ्याकडं वळले. "पण मी दिवाळीतच विचारलं होतं तिला," म्हनले. "पुढं शिकायचं आहे का म्हणून. ती खाली बघून म्हणाली, 'तुमी म्हनाल तसं.' मला वाटलं, तिला हौस नसेल. जबरदस्ती कशाला करायची?"

दिवाळीत! अहो, दिवाळीत इचारलं हुतं त्या मानसानं! आनि 'तुमी म्हनाल तसं' हे तिला शिकवलं कुनी? मीच की. सासरी धाडताना वेशीपाशी तिचा हात धरून म्हनले हुते, नवरा काईबी इचारू दे, तू 'तुमी म्हनाल तसं' म्हनायचं, आपल्या मनातलं आपल्या पोटात ठेवायचं. माझ्या आईनं मला तेच सांगितलं हुतं. सकाळपासनं मी जावयाला मनातल्या मनात शिव्या देत हुते, ब्रेकला देत हुते. आता सोताला द्यायची पाळी आली तर एकबी शिवी आठवंना.

गाडी ढकलत चढ चढून, वर मैलभर चालून शेंडीला आलो. ते पुढनं वढत हुते, मी मागनं एका हातानं रेटत हुते. डावा हात मनगटात सुजून ढब्बू झाल्याला, तो मी फाटक्या पदराखाली झाकला. टपरीपाशी समदी मंडळी उभी हुती. छगन पळत गाडीकडं गेला. मालक पळत जावयाकडं गेले, "जावईबापू, लागलं तर न्हाई ना?" बायकूकडं नंतर बघितलं तरी चालतंय, ती काय धोंड्याची थोडीच असती.

बनु तेवढी माझ्याकडं आली. मी तिथंच, समद्यांपुढं म्हनले, "बनु, तुला काय शिकायचंय ते तुझ्या नवऱ्याला सांग."

मालक डोळ्यांनी खुनावत हुते, आता नको, आता नको. बनुनं मालकांकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, मग मान खाली घालून म्हनली, "आई, तू म्हनशील तसं."

काळजात चर्र झालं बघा. ते जाळीत पडल्यावर झालं न्हवतं. "मी काईच म्हननार न्हाई," मी म्हनले. "लई दिस म्हनले. आता तू म्हन."

छगनबी गाडी चाचपायचा थांबला. बनुनं माझा पदर जरा वर केला, हात बघितला. मग ती नवऱ्याकडं वळली.

"तुमाला सायकलबी धड येत न्हाई," ती म्हनली. "मग माझ्या आईला मागं बसवलंच कसं?"

"अगं, मी..."

"थांबा, माझं झालं न्हाई." आवाज चढवला न्हवता, पन चौथीचा वर्ग जागच्या जागी गप बसला असता. "आदी आईला डाक्टरकडं न्यायचं. एस.टी.नं. आनि मला शिकायचंय. जूनमधी मी संगमनेरला जानार हाय. दिवाळीतच सांगायचं हुतं, आता सांगते."

जावईबापू "बरं" म्हनले. नुसतं बरं! त्या एका बरंसाठी आमी एवढं पुरन वाटलं हुतं.

मी तिथंच मटकन खाली बसले आनि हमसून हमसून रडाय लागले. भिमाजींची बायकू धावत आली, म्हनली, हात लई दुखत असंल हो बाईंचा. हात दुखत हुताच. पन मी रडत हुते ते बनु बोलली म्हनून.