ज्याचं नाव राहिलं

पितांबर पाटील तसे रागीट गृहस्थ नव्हते. घरामागच्या खळ्यात मिरच्या वाळत घालता घालता ज्याचा निम्मा जन्म शिंकण्यात गेला, त्याला रागवायला उसंत कुठून मिळणार? पण धाकट्या लेकीचं, काजलचं, ते रॅप निघालं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि त्या दोन दोन दिवस उतरायच्या नाहीत.

काजल सोळा वर्षांची. कोरीटहून रोज एसटीने नंदुरबारला अकरावीला जायची आणि गाडीत उभ्या उभ्या ओळी जुळवायची. शाळा मराठीत झाली, कॉलेज इंग्रजीत चाललं होतं, रॅप मात्र अहिराणीत. तिचं म्हणणं असं, की भांडण आणि थट्टा घरच्या बोलीतच करावी, परक्या भाषेत ती अळणी लागते. दिवाळीत तिने खळ्यातल्या लालभडक मिरच्यांच्या मधोमध उभं राहून एक व्हिडिओ केला. विषय गावची एसटी: तिचं न येणं, आणि आलीच तर न थांबणं. गाव खूश झालं. पोरांनी तो पाठ केला, कंडक्टरनेही ऐकला म्हणे. मग एक दिवस पारावर कुणीतरी पितांबररावांना विचारलं, "काय पाटील, तुम्हनी आंडेर, ती काजल, मोबाईलमा शिव्या देस म्हने?"

विचारणारा हसत होता. पितांबररावांना ते हसू काही दिसलं नाही, 'शिव्या' तेवढं ऐकू आलं. घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं.

"तुन्ही बहीन दीपमालानं लगन तोंडवर उनं शे. म्हसावदना लोके शेत, नाववाला शेत. लगन व्हस तवलोंग ते रॅप बंद. आनि त्यामा मन्हं नाव लेवानं नही, हाई ते मी तुले पहिलेपाईनच सांगेल शे. समजनं?"

"आनि लगन नंतर, आप्पा?" काजलने हळूच विचारलं.

"लगनमा तू कशी वागस ते देखसु, मंग बोलसु."

सगळं घोडं तिथेच अडलं होतं. जानेवारीत नंदुरबारला जिल्ह्यातल्या पोरापोरींची रॅपची स्पर्धा व्हायची होती आणि काजलची त्यात निवड झाली होती. पण अठराच्या आतल्यांसोबत आई नाहीतर वडील हवेत, असा नियम. आई धनुबाई म्हणाली होती, "मी येसु ना वं," आणि मग नवऱ्याच्या खोलीकडे बघून "त्यासनी जाऊ दिन्हं तर," असं शेपूट जोडलं होतं. म्हणजे किल्ली आप्पांच्याच खिशात. काजलला ती स्पर्धा इतकी हवी होती, की तिने बहिणीच्या लग्नात तोंडाला कुलूप लावून फिरायचं ठरवलं. बिचारी मेंदी काढणारीशीसुद्धा मान हलवूनच बोलली.

आता शेजारच्या कौसाबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाची पंगत बसली की दोन्हीकडच्या बायका समोरासमोर ठाकतात आणि गाण्यातून एकमेकांच्या सोयऱ्यांना गाळ्या घालतात. गाळ्या म्हणजे लाडाच्या शिव्या, पण झोंबायच्या तेवढ्या झोंबतात. कोरीटची ही बाजू कौसाबाई वर्षानुवर्षं एकटीने लढवत आल्या होत्या. त्यांनी एकदा तोंड उघडलं की समोरची वरात पाणी मागायची. पण यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो पहाडी आवाज कुजबुजीवर आला. नव्या सुनांना डीजेवरची सगळी गाणी पाठ, गाळी एकीला येईल तर शपथ.

"जाऊ द्या ना कौसामाय," दीपमाला म्हणाली होती, "आते कोन ऐकस गाळ्या?"

कौसाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुन्हा बोलली नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. डिसेंबरची थंडी अशी पडली होती, की भटजी मंगलाष्टकं जरा पळवतच म्हणत होते. दोन टेम्पो भरून म्हसावदची वरात उतरली. नवरदेव हेमकांत सालस, गालात हसणारा. पण बघणाऱ्यांच्या नजरा त्याच्यावर नव्हत्याच, त्या त्याच्या बापावर होत्या. रतिलाल पाटील म्हणजे डोक्यावर पांढरेशुभ्र केस, ओठांवर कोळशासारखी काळी मिशी, आणि दिवस मावळला तरी डोळ्यांवर गॉगल. त्यांना तूप वासावरून ओळखता येतं, अशी त्यांची कीर्ती होती. साखरपुड्यात त्यांनी पहिला घास घेण्याआधी वाटी नाकाशी नेली, तेव्हा धनुबाईंनी देव पाण्यात ठेवले होते.

लग्नाची टाळी लागली, अक्षता पडल्या आणि पंगत बसली. वरणबट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, जिलबी. पितांबरराव स्वतः तुपाचं भांडं घेऊन फिरत होते. तेवढ्यात पलीकडून वराची आत्या नानीबाई पदर खोचून पुढे आली आणि तिने आवाज लावला:

"कोरीटना याही मोठा दिलदार,
शंभर पाव्हनासले वांगा चार!"

वरातीतल्या बायका खदखदल्या. कोरीटच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नानीबाईने दुसरी म्हटली, तिसरी म्हटली. मुलीकडून उत्तर नाही म्हणजे काय? नाक गेलं की हो! धनुबाई वाढता वाढता थबकल्या. मांडवात नवी नवरी दीपमाला खाली मान घालून बसली होती, तिचेही कान लाल झाले.

काजलच्या पोटात ओळी उकळायला लागल्या होत्या. तिने ओठ घट्ट दाबले. स्पर्धा, ती स्वतःला सांगत होती, स्पर्धा. तेवढ्यात पाठीत एक सणसणीत बुक्की बसली. मागे कौसाबाई उभ्या, हातात बट्ट्यांची रिकामी पितळी परात.

"म्हन," त्या कुजबुजल्या.

"आप्पासनी नही सांगेल शे, कौसामाय."

"तुन्हा आप्पानाच लगनमा तुन्ही मायना मामाले मी असा गाळ्या दिन्हात, की तो मानूस रडता रडता हासना. तुन्हं ते मोबाईलमधलं मी ऐकेल शे. त्यामा नवं काय शे? म्हन!" आणि त्यांनी परातीवर डाव हाणायला सुरुवात केली. ठण्ण, ठक ठक. ठण्ण, ठक ठक.

काजलने एकदा दीपमालाकडे पाहिलं. दीपमालाने मान हलवली नाही, नुसते डोळे मोठे केले: म्हण! बहिणी बहिणींना तेवढं पुरतं. कुलूप तुटलं.

"वांगा शेत चार म्हनस, नानीबाई मन्ही?
तीनदाव वाढी दिन्ही, भाजी कोठे गयनी?
वरात उनी म्हसावदथीन दोन टेम्पो भरी,
अर्धी उनी लगनले, अर्धी बट्टीवरी!
चुनीलालना टेम्पो उना, धूळ उडी भारी,
नवरदेव ऱ्हायना मांगे, जेवानी घाई सारी!"

टेम्पोचा डायव्हर चुनीलाल घास तोंडात तसाच धरून हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. कोरीटच्या बायकांना जीव आला, त्या टाळ्यांनी ठेका धरू लागल्या. काजल एकेका पानासमोर जाऊ लागली. नवरदेवाचे काका, मामा, मावसा, कुणाचं पोट, कुणाचं टक्कल, कुणाचा नवा बूट. नाव घ्यायची आणि चिमटा काढायची. सगळे हसता हसता लोळायचे बाकी होते.

शेवटच्या पानावर रतिलाल बसले होते. काजल त्यांच्यासमोर आली, तोंड उघडलं, आणि तिला त्यांच्या पाठीमागे आप्पा दिसले. तुपाचं भांडं छातीशी धरून पितांबरराव जीव तोडून मान हलवत होते. नको, नको, व्याही आहेत, नको! काजलने ओळ गिळली, हात जोडले आणि मागे फिरली. परात थांबली. कौसाबाईंनी कपाळावर हात मारला, पण तो कुणी पाहिला नाही.

थोड्याच वेळात मांडवभर नजरा एकाच पानाकडे वळल्या. रतिलाल जेवत नव्हते. बट्टी कुस्करलेली, त्यावर तूप घातलेलं, आणि हात मांडीवर. आता वरबापच हात आखडून बसला म्हणजे वरातीने खायचं कसं? हळूहळू एकेक हात थांबला. चुनीलालनेसुद्धा उचललेली जिलबी परत ठेवली.

पितांबरराव टोपी काढून समोर बसले. "काय चुकी व्हयनी, याही?"

रतिलालांनी पान जरा लांब सारलं. गॉगलमुळे डोळेही दिसेनात.

"तूप बराबर नही का?"

रतिलालांनी मान फिरवली.

पितांबररावांनी हात जोडले. "पोरगी नादान शे, याही. तुम्हना मानूससनी तिनी थट्टा करी, मी तिनीकडथीन माफी मांगस. ते रॅप आजपाईन बंद. तो मोबाईल मी सकाळेच इहीरमा टाकी देस."

काजल खांबाआड उभी होती. संपलं, तिला वाटलं. स्पर्धा गेली ती गेली, पण दीपमालाचं काय? आपल्या जिभेपायी तिच्या संसाराच्या पहिल्या दिवशी सासरा उपाशी! तिला रडू कोसळलं.

"बंद?" रतिलाल एकदम ओरडले. गॉगल काढला, तर डोळे लहान पोरासारखे भरलेले. "बंद काब्र? मन्हा भाऊनं नाव लिन्हं, साडूनं लिन्हं, अरे, त्या चुनीलाल डायव्हरनं बी लिन्हं! आनि मन्हासमोर उनी ते हात जोडीसन चालनी गयी! मी वरबाप शे का लगनपत्रिका वाटाले येल मानूस शे? म्हसावदले जाईसन मी काय सांगू? मालेच कोनी गाळी दिन्ही नही म्हनू?"

वाढपीसुद्धा जागच्या जागी थांबले. मग कौसाबाईंची कुजबुज त्या शांततेत लख्ख ऐकू आली. "ज्यानं नाव लिन्हं नही, तो परका. इतलं बी समजत नही का रे पितांबर तुले? लगनमा आपला मानूसलेच गाळी देतस."

पितांबरराव डोक्यावर टोपी ठेवायची विसरले. त्यांनी खांबाकडे पाहिलं. फर्मान काढणाऱ्या माणसाला ते मागे घेताना फार जड जातं, त्यामुळे त्यांनी नुसतं तुपाचं भांडं हलवलं. ये, पोरी, ये.

काजलने डोळे पुसले. परात वाजली. ठण्ण, ठक ठक.

"म्हसावदना रतिलाल उना गॉगल लाईसन,
दिवस गया बुडी तरी चाले चाचपाईसन!
मिशी काळी, डोकं धवळं, रंग कसा अपुरा?
वरथीन दिखस आजला, खालथीन नवरा!
बट्टीवर तूप लिन्हं, बठना फुगीसन,
खा रे याही, खा रे लवकर, तूप जाई थिजीसन!"

आजला, म्हणजे आजोबा, म्हटल्यावर रतिलाल असे हसले, की मिशीचा रंग रुमालाला लागला. त्यांनी बट्टीचा मोठा घास घेतला, आणि तोंड भरलेलं असतानाच आणखी मागत म्हणाले, "आखो म्हन!" सगळी पंगत जेवणावर तुटून पडली. नानीबाई काजलचा गाल ओढून म्हणाली, "पोर, तुन्हासारखी एक आम्हना गावले बी पाहिजे." रतिलाल सुनेकडे बघून म्हणाले, "हिनी बहीनले आवते मालेच धाडनं पडी." आवतण हो, गाळ्या खायला.

पाठवणीच्या वेळी दीपमाला बहिणीच्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता तिच्या कानात 'आजला' म्हणून हसली. पितांबरराव टेम्पोच्या मागे उभे होते. धनुबाईंनी विचारलं तर डोळे चोळत म्हणाले, "काही नही वं, डोयामा मिरची गयी."

टेम्पो गेले. बायका पराती गोळा करू लागल्या. पितांबरराव तुपाच्या रिकाम्या डब्यावर बसून होते. काजल जवळ जाऊन उभी राहिली. फर्मान तर तिने मोडलं होतं, मग जे काय व्हायचं ते आत्ताच होऊन जाऊ दे.

"ते नंदुरबारनं कवय शे?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

"जानेवारीमा, आप्पा."

"मी येसु."

काजलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण आप्पांच्या कपाळावर आठी तशीच होती.

"माले एक सांग," ते म्हणाले. "एसटीनं गानं करं, त्यामा कंडक्टरनं नाव लिन्हं. आज डायव्हरनं बी लिन्हं. मन्हा मिरचीमा उभी राहीसन गानं करं, मिरचीनं बी नाव लिन्हं."

"तुम्हीच सांगं व्हतं ना, मन्हं नाव लेवानं नही म्हनीसन."

"सांगं व्हतं," पितांबरराव म्हणाले. मग टोपी डोक्यावर ठेवत, "पन तू ते खरंच ऐकी लिन्हं."

काजल त्यांच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस ज्याला ती राग समजत होती, तो रुसवा निघाला. तिने कौसाबाईंची परात ओढून घेतली आणि आप्पांसमोर जमिनीवर बसली. पितांबररावांनी टोपी नीट केली आणि फोटोला बसल्यासारखे ताठ झाले.

"कोरीटना पितांबर, मिरचीना धनी,
लेक निंघनी सासरले, गालवर उनं पानी,
पुसं तर म्हने, काही नही वं, मिरची गयी डोयामा,
मांडवमा कोठे मिरची, आप्पा? ती ते शे खयामा!"

पितांबररावांचे डोळे पुन्हा वाहू लागले, आणि या वेळी त्यांनी मिरचीचं नाव घेतलं नाही. ते उठले, आणि आत भांडी आवरत असलेल्या धनुबाईंना ऐकू जाईल अशा, किंबहुना साऱ्या कोरीटला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अवं, ऐकं का? मन्हं बी नाव लिन्हं!"