ऊयाराकचा बोल्ट

एलिसापीचं बोलावणं आलं तेव्हाच पाउलूसीने ओळखलं, की आज आपली काही खैर नाही. एलिसापी म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. तिच्या घरातून बोलणी न खाता परत आलेला माणूस अख्ख्या बॅफिन बेटावर शोधून सापडायचा नाही.

पण आज तिने आधी चहा दिला. जमिनीवर पुठ्ठा अंथरून गोठलेला मासा मांडला होता आणि शेजारी कॅरिबू हरणाच्या कातड्यावर बंदूक निजवली होती. जुनी, सैन्याची, उत्तरेची राखण करणाऱ्या गावकऱ्यांना, म्हणजे रेंजरांना, मिळायची तशी ली-एनफिल्ड. नव्या बंदुका आल्या तेव्हा सैन्याने जुन्या ज्याच्या त्याला देऊन टाकल्या. ही तिच्या नवऱ्याची, ऊयाराकची. त्याच्यानंतर मुलाने थोडे दिवस वापरली, आणि नेम लागेना म्हणून भिंतीवर टांगून ठेवली.

"उद्या हे पहिल्यांदा बर्फावर शिकारीला निघालेत," एलिसापी म्हणाली. "त्यांची बंदूक त्यांच्या हातात द्यायचीय. पण अख्खी त्यांचीच असेल तरच. एखादा तुकडा जरी परक्याचा निघाला तरी मी देणार नाही."

'हे' म्हणजे तिची नात. थोरला ऊयाराक गेला त्याच हिवाळ्यात ती जन्मली, तिला त्याचं नाव दिलं, आणि नाव दिलं म्हणजे माणूस परत आला, यात कुणाला शंका असायचं कारणच नाही. आजी नातीला 'अहो' म्हणायची. पाउलूसीही तिला साडूच म्हणायचा. पोरगी रांगत होती तेव्हापासून तो तिच्याशी साडूसारखीच थट्टा करत आला होता, आणि तीही काही कमी नव्हती. आत्ता ती भिंतीला टेकून, नखं कुरतडत, सगळं मुकाट ऐकत होती. महिनाभर तिने दुसऱ्या बंदुकीला हात लावला नव्हता. आपलीच हवी म्हणून हटून बसली होती.

पाउलूसीने चष्मा लावला. गावातल्या रेंजरांच्या बंदुका वर्षानुवर्षं त्यानेच तपासल्या होत्या. बंदुकीच्या अंगावरचा आकडा ऊयाराकचाच होता, तो त्याला पाठ होता. नळीखालचं लाकूड त्याने सोडवलं, आतल्या टोकाला तोच आकडा कोरलेला होता. दस्त्यावर चुलीचा डाग होता, तो कसा पडला हे एलिसापीने पुन्हा एकदा सविस्तर सांगितलं. गोळ्यांची पेटीही तीच. मग त्याने बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलून मागून बंद करणारा लोखंडी दांडा, बाहेर ओढला आणि मुठीच्या मागचा काळा मळ अंगठ्याने पुसला.

आकडा वेगळा होता. वेगळा कसला, तोही त्याला पाठच होता. तो त्याच्या स्वतःच्या बंदुकीचा होता.

त्याने चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. बाहेरच्या थंडीतून बंदूक उबदार तंबूत आणली की तिला घाम सुटतो. म्हणून बंदूक बाहेर स्लेजगाडीवर ठेवायची आणि गोठून अडकू नये म्हणून फक्त बोल्ट काढून आत आणायचा, ही सगळ्यांचीच रीत. एका वादळात तो आणि ऊयाराक एकाच तंबूत अडकले होते. दोघांचे बोल्ट एकाच टोपीत ठेवलेले. वादळ थांबल्यावर घाईघाईने ज्याच्या हाताला जो लागला तो त्याने बसवला असणार. पुढे पाउलूसीने गावभरच्या बंदुका तपासल्या, पण या दोन नाही. आपल्याच तर आहेत, त्यात काय बघायचं?

आणि त्यानंतरच ऊयाराकचा नेम बिघडला होता. परका बोल्ट त्याच्या बंदुकीत नीट टेकतच नसणार. पाउलूसीच्या बंदुकीत मात्र ऊयाराकचा बोल्ट फिट बसला. पाउलूसीने अस्वल मारलं, गावात मिरवला, आणि ऊयाराकला 'आंधळ्या' म्हणून चिडवत राहिला. ऊयाराक हसायचा. पुढे पुढे डोळे गेले म्हणत शिकारीला यायचाच बंद झाला. खिडकीत बसून बर्फाकडे बघत राहायचा.

'सगळं त्याचंच आहे' एवढं म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण उद्या ही पोरगी याच बंदुकीने नेम धरणार होती, आणि चुकला की तीही आपल्याच डोळ्यांना दोष देणार होती.

"आक्का, बोल्ट माझा आहे," तो म्हणाला. "आणि साडूचा माझ्याकडे." मग त्याने टोपीपासून अस्वलापर्यंत सगळं सांगितलं. एलिसापीने ऊयाराक बसायचा त्या खिडकीकडे बघितलं आणि पाउलूसीला दाराकडे बोट दाखवलं.

तो घरी गेला आणि आपल्या बंदुकीतला बोल्ट काढून घेऊन आला. अंगणातल्या बर्फावर पोरीने तो बंदुकीत सरकवला. टक्कन बसला. दूर ठेवलेल्या डब्यावर तिने नेम धरला, आणि डबा उडाला. तिने दुसरा ठेवला. तोही उडाला.

पाउलूसीच्या हातात आता त्याचा स्वतःचा बोल्ट होता. मूठ एका बाजूने झिजून गुळगुळीत झाली होती, त्याच्या हाताने नव्हे. ऊयाराक अंगठा तिथे ठेवायचा.

"साडू," तो पोरीला म्हणाला, "तुझे डोळे चांगले होते रे. मी उगाच हसलो तुला. चुकलं माझं."

पोरीने बंदूक खांद्याला लावली आणि त्याच्याकडे बघितलं, थोरला बघायचा तसंच, एक डोळा बारीक करून.

"म्हणजे ते अस्वल माझं," ती म्हणाली. "कातडं आणून दे. आणि उद्या पहाटे तयार राहा, आंधळ्या, मी थांबणार नाही."

दारात उभी असलेली एलिसापी डोळे पुसत हसली, आणि म्हणाली, "अहो, त्याला मोजे जास्त घालायला सांगा. त्याचे पाय लवकर गारठतात."