मुदतीचा ताप

भैयाजीच्या डोक्यात काय आहे ते विद्यापीठ मार्चमध्ये तपासणार होतं. डोक्यावर काय आहे ते मात्र साऱ्या चांद्याला रोज फुकट बघायला मिळत होतं. पोळ्यापासून त्याने कपाळावर केसांचा कोंबडा वाढवायला घेतला होता. सकाळी उठला की आधी तेल, मग पाण्याचा हात, मग कंगवा, मग आरसा. आरशाचं समाधान झालं की उरलेल्या वेळात तर्कशास्त्र.

रामाळा तलावाजवळच्या एका खोलीत तो आणि राजुऱ्याचा लच्छू राहत. दोघांत एक कंदील, एक स्टोव्ह आणि इंग्रजीचं एकच पुस्तक. लच्छू ते पहाटे वाचायचा. भैयाजी ते संध्याकाळी वाचणार असायचा. इंटरचं वर्ष घासून अभ्यास करायचं खरं, पण जानेवारीत स्नेहसंमेलन होतं आणि वक्तृत्वस्पर्धेत भैयाजीचं नाव होतं. विषय, मैत्री. भाषण त्याने स्वतः लिहिलं होतं. "मैत्री ही हृदयसिंहासनावर आरूढ झालेली सम्राज्ञी होय" असं सुरू होऊन ते "मित्रासाठी मी माझे मस्तकही अर्पण करीन" इथे थांबत होतं. कॉलेजात मुली पाच, आणि पाचही पुढच्या बाकावर. तेव्हा 'मस्तकही' म्हणताना मान अशी झटकायची की कोंबडा उडून परत जागेवर बसला पाहिजे, याची तालीम महिनाभर चालली होती.

स्पर्धेला आठ दिवस उरले असताना गावाहून कार्ड आलं. गाव आरमोरीजवळ, वैनगंगेच्या काठी. कार्ड आई सुगंधाबाईचं. लिहिलं मास्तराने, पण मधे एक शब्द त्याला स्वतःचा घालू दिलेला नव्हता. 'मुखरूचा बाप डोमाजी रविवारी वारला. दहाव्याला ये. डोकं उतरवायचं आहे, ठाऊक आहेच.'

ठाऊक होतंच. मुखरू त्याचा लोंबी होता. नवं धान घरात आलं की त्यांच्या गावात दोन पोरांना जन्माचे जोडीदार करत. याने त्याच्या कानावर धानाची लोंबी खोचायची, त्याने याच्या, आणि मग मरेपर्यंत एकमेकांना लोंबीच म्हणायचं. एकाचा बाप तो दुसऱ्याचाही बाप. तो गेला तर दोघांनी केस द्यायचे. सुगंधाबाईने हे नातं जोडलं तेव्हा पोरं नऊ वर्षांची होती, आणि भैयाजीच्या डोक्यावर देण्यासारखं फार काही नव्हतं.

"कोन गेलं रे?" लच्छूने विचारलं.

"ओळखीतले होते."

"मंग तोंड काऊन उतरलं तुह्यं?"

"दहाव्याले टक्कल करा लागते."

लच्छूने कोंबड्याकडे बघितलं. "म्हन्जे दोन मयती झाल्या म्हन."

परीक्षेचं कारण लिहावं, तर आई विचारेल, पेपर केसांनी लिहितेत काय. कारण मोठं पाहिजे होतं. भैयाजीने कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'मजला मुदतीचा ताप आला असून वैद्यांनी अंथरूण सोडण्यास सक्त मनाई केली आहे. काळजीचे कारण नाही. लोंबीस माझे सांत्वन कळवावे.' शाईवर फुंकर घालून त्याने ते टपालपेटीत टाकलं आणि परत आरशासमोर उभा राहिला.

एका विधानातून दुसरं कसं निघतं, हे त्याला कॉलेजात वर्षभर शिकवत होते. त्या कार्डातून काय निघालं ते त्याला पुढच्या बुधवारी सकाळी कळलं. स्पर्धा उद्यावर आली होती. तो ट्रंकेवर चढून मान झटकत होता, तेवढ्यात नळावर गेलेला लच्छू रिकामी बादली घेऊन धावत आला.

"भैयाजी, तुह्यी माय येऊन राह्यली. संगं एक बोडका पोट्टा हाये."

भैयाजी ट्रंकेवरून थेट घोंगडीत शिरला.

मुखरूने आदल्या सकाळी नदीवर बापाचा दहावा केला होता. दुपारी बंडी जुंपून वडसा गाठलं आणि छोट्या लाईनीच्या गाडीत तो रातभर उकिडवा बसून आला होता. तेरवीचा सारा पसारा भावकीवर टाकून आला होता. लोंबी आजारी पडला तर आपण घरी बसायचं नसतं, एवढंच त्याचं शिक्षण.

"कसा हायेस रे लोंबी?" तो पायथ्याशी बसला आणि पाय दाबायला लागला. "मोठीमाय, पाय तं थंडेच हायेत याचे."

सुगंधाबाईने कपाळावर हात ठेवला. कपाळ माठासारखं गार. हात उशीखाली गेला. तिथे आरसा, कंगवा आणि वासाच्या तेलाची बाटली. तिने तिन्ही वस्तू बघितल्या आणि जिथल्या तिथे ठेवल्या. पोरगा लबाड निघाला हे तिला मुखरूच्या देखत उघडं करायचं नव्हतं. बापाला पोचवून आलेल्या पोराला आणखी हे कशाला. पण सोडायचा म्हणाल तर सोडायचाही नव्हता.

"ताप अंगात नाई," ती म्हणाली. "डोक्यात चढला."

"माय, आता बरं वाटून राह्यलं."

"डोक्यात चढला का बरंच वाटते. मुखरू, या तापात केस ठेवत नाईत. जाय, न्हाव्याले आन."

भैयाजी उठून बसला. "माय, उद्या भाषण हाये माह्यं."

"मुदतीचा ताप हाये ना तुले?" तिने त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं. "का नाई?"

मुखरू दारात थांबला होता. त्याच्या ताज्या टकलावर वस्तऱ्याचे दोन ओरखडे दिसत होते. भैयाजीने ते बघितले.

"हाये," तो म्हणाला.

पत्रू न्हाव्याला शहरातल्या पोरांची सवय होती. त्याला दया आली. "बाई, समोरचे थोडे ठेवू काय?"

"बिमारी थोडी ठेवतेत काय?"

कोंबडा मांडीवर पडला. लच्छू भिंतीकडे तोंड करून इंग्रजीचं पुस्तक वाचत होता आणि पुस्तक हलत होतं. मुखरू मात्र खरोखर रडला. त्याला वाटलं, बाप गेला, आता हाही जातो की काय. सुगंधाबाईने केस फडक्यात बांधले. "वैनगंगेत सोडतो," एवढंच म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी तिनेच ताप उतरवला. "उतरला. जाय, बोल तुह्यं." लोंबीला एकट्याला कसं पाठवायचं म्हणून मुखरूही निघाला, आणि तो नि सुगंधाबाई मंडपात मागे जाऊन बसली.

भैयाजी बोलायला उभा राहिला. अध्यक्षस्थानी बसलेल्या प्राध्यापकांनी ते डोकं बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "वडील गेले का?"

"नाही सर," भैयाजीच्या तोंडून गेलं. "मित्राचे."

आवाज भाषणाचाच लागला होता, तो मागच्या ओळीपर्यंत गेला. पाचही मुलींनी त्याच्याकडे वर्षात पहिल्यांदा नीट बघितलं. मग सम्राज्ञी आली, हृदयसिंहासन आलं, आणि "मस्तकही" म्हणताना झटकायला काही नव्हतं, म्हणून त्याने नुसती मान खाली घातली. टाळ्या थांबेनात. कप त्यालाच मिळाला. प्राध्यापक म्हणाले, मैत्री बोलणारे पुष्कळ असतात, करणारा आज दिसला.

मागच्या ओळीत मुखरूनेही टाळ्या वाजवल्या. मग त्याचे हात हळूहळू थांबले.

बाहेर भैयाजी कप छातीशी धरून आला. मुखरू चिंचेखाली उभा होता.

"लोंबी, मोठीमाय म्हने तापानं काढले. तू म्हनतं माह्या बापासाठी. दोघांतलं एक सांग."

 सुगंधाबाई चार पावलं पुढे जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली.

चार पानं मैत्री भैयाजीच्या खिशात होती. तिच्यातलं एक अक्षर कामाला येईना.

"ताप नोयता," तो म्हणाला.

"कोंबड्यासाठी?"

"व्हय."

मुखरूने डोक्यावरून हात फिरवला. "नदीवर मी बाजूले तुह्यी जागा ठेवली होती. न्हावी म्हने, सरक ना बावा, उगाच काऊन अडून बसला. मी म्हनलं, राहू दे, ताप हाये त्याले." मग त्याने विचारलं, "उद्या तेरवी हाये. येतं काय? का पुन्हा ताप येते?"

सकाळी दहाला बक्षीसवाल्यांचा फोटो होता आणि सातला गाडी. भैयाजीने कप लच्छूला दिला. त्या फोटोत मैत्रीचा कप लच्छूच्या मांडीवर आहे, आणि लच्छूने केस चांगले फुगवले आहेत.

गाडी उशिरा पोचणार हे धरून पंगती उन्हं कलल्यावर ठेवल्या होत्या. तोवर गावात सांगून झालं होतं की पोरगा तापातून उठला तो तसाच मयतीच्या घरी आला. म्हातारे त्याला बोट दाखवून आपल्या नातवांना सांगत होते, याले म्हंतेत लोंबी. भैयाजी पळसाच्या पत्रावळीसमोर बसला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. वाढायला मुखरूच होता. वड्यांची टोपली घेऊन तो आला, डावीकडच्याला चार वाढले, उजवीकडच्याला चार वाढले. बुंदी आली, तीही तशीच पुढे गेली. मग तो एक कासंडी घेऊन आला आणि भैयाजीच्या पुढ्यात वाटी मांडून तिच्यात भाताची पातळ पेज ओतली.

"लोंबी, भूक लागली रे," भैयाजी हळू म्हणाला.

"मुदतीचा ताप," मुखरू सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला. चेहऱ्यावर सुरकुती नाही. "एकवीस दिवस पथ्य असते बावा. विचार मोठीमायले."

"पेजच दे त्याले," बायकांच्या बाजूने सुगंधाबाईचा आवाज आला. "मीठ नको टाकू."

भैयाजीने वाटी तोंडाला लावली. ती रिकामी होईपर्यंत मुखरू समोरून हलला नाही. मग त्याने कासंडी वाकवून ती परत काठोकाठ भरली.