पाइपातली हवा

तिसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य बायकोला मारतो हे इमारतीत सर्वांना ठाऊक होते, आणि सर्वांना ठाऊक असल्यामुळेच त्याविषयी कोणी बोलत नसे. एकाला कळते ते गुपित, दहांना कळते ती अफवा, आणि सगळ्यांना कळते तो शिष्टाचार. तिसऱ्यावरून पहिला आवाज आला की पहिल्या मजल्यावरच्या बातम्या मोठ्या होत, चौथ्यावर रिकामा मिक्सर फिरू लागे, आणि सेक्रेटरींच्या घरी मुलांना खड्या आवाजात पाढे म्हणायला बसवीत. त्या इमारतीतली मुले गणितात हुशार निघाली, ती काही उगीच नव्हे.

दंतवैद्याच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, प्राध्यापकबाई राहत. आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा मागेच वारलेला. त्या बातम्या मोठ्या करत नसत. खलातला पितळी बत्ता उचलून न्हाणीघरात जात आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत गेलेल्या पाण्याच्या लोखंडी पाइपावर तीन ठोके घालत. वरचा आवाज तत्काळ थांबे. दंतवैद्याला पश्चात्ताप होई असे मुळीच नाही. कोणीतरी ऐकते आहे एवढेच त्याला कळे, आणि त्या जातीच्या शूरांना तेवढे पुरते. संस्कृतीची उंची तिच्या गटारांवरून मोजावी, असे बाई वर्गात म्हणत. या इमारतीत तेवढा तो पाइपच काय तो सुसंस्कृत होता.

पाचव्या मजल्यावर बाईंचा मुलगा आणि सून राहत. मुलगा संग्रहालयात जुनी हस्तलिखिते दुरुस्त करी. वाळवीने खाल्लेल्या पानाला पातळ कागदाचे अस्तर लावताना तो श्वाससुद्धा जपून घेई. नखे कापलेली, बोलणे हळू, जेवणाआधी हात दोनदा धुतलेले. बाई ज्याला त्याला सांगत, ‘झुरळ मारवत नाही हो त्याला.’ आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे या म्हणीवर त्यांनी वर्गात पुष्कळ राजघराणी झोडपली होती. घरी मात्र ती म्हण पायपुसण्यासारखी दाराबाहेरच राहिली.

सून शाळेत गणित शिकवी. अबोल होती. हुशार मुली अबोल असतात, असे बाईंनी ठरवून टाकले होते.

मग एका रविवारी सकाळी सेक्रेटरींनी तळमजल्यावर सभा बोलावली. विषय होता आवाजाचा त्रास. मार हा विषय नव्हता. तो शब्द सभेत एकदाही आला नाही. मुलांच्या परीक्षा आहेत, वृद्धांना विश्रांती हवी, इमारतीचे नाव आहे, असे सेक्रेटरी सांगत होते. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आवाजाचा नव्हे, आवाज कशाचा आहे त्याचा बंदोबस्त करा.

सेक्रेटरी हसले. “घरोघरी मातीच्या चुली, मॅडम.”

“चुलीवर अन्न शिजतं, सेक्रेटरी.”

कोणी हसले नाही. तेवढ्यात खुद्द दंतवैद्य उठला. आपल्यामुळे शेजाऱ्यांना तसदी होते याचे त्याला मनापासून वाईट वाटत होते, आणि म्हणून स्वतःहून त्याने एक तोड काढली होती: झोपण्याच्या खोलीला साउंडप्रूफ फलक बसवून घ्यायचे. सभेने टाळ्या वाजवल्या. नागरिकाची जाणीव असावी तर अशी, असे पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण ज्यांनी रचली, त्यांना तोंड दाबायला निदान एक हात लागत होता. आता ते काम भिंतीकडे सोपवून दोन्ही हात मोकळे होणार होते.

दंतवैद्याने कंपनीचा माणूसही बरोबर आणला होता. त्याने राखाडी फलकांची एक पेटी टेबलावर ठेवली, आत वाजता मोबाइल ठेवला आणि झाकण लावले. शांतता. झाकण उघडले, मोबाइल वाजतच होता. पुन्हा झाकण, पुन्हा शांतता. जत्रेतल्या जादूगाराकडे पाहावे तसे लोक पाहत होते. मग त्याने अडचण सांगितली: एका खोलीसाठी माणसे पाठवणे कंपनीला जमत नाही, किमान चार घरे हवीत. आणखी कोणी तयार आहे का?

बाईंना वाटले, गाडे इथेच अडणार. जिन्यातला दिवा गेला तर वर्षभर अंधारात चाचपडणारी ही माणसे. ती कशाला तयार होतात? त्या निश्चिंत बसल्या.

पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी हात वर केला. मग सेक्रेटरींनी. मग चौथ्यावरच्या मिक्सरवाल्याने. हात वर होत गेले. सगळे पुरुषांचे, सगळे सहज, जणू चहा कोणाला हवा असे विचारले होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या बायकांपैकी कोणी फरशीकडे पाहत होती, कोणी आपल्याच बोटांकडे, कोणी त्या राखाडी पेटीकडे. चार हवे होते, नऊ आले.

नववा हात मागच्या रांगेतून आला. बाईंनी मान वळवली आणि चेहऱ्याआधी हात ओळखला: कापलेली नखे, बोटाला वाळलेली खळ. त्या बोटांना अक्षरे गिरवायला त्यांनीच शिकवले होते.

त्याच्या शेजारी सून होती. ती फरशीकडे पाहत नव्हती, थेट बाईंकडे पाहत होती. वर्गात फार वेळ हात वर करून बसलेली, आणि जिच्याकडे बाईंचे लक्ष गेलेलेच नाही, अशी एखादी विद्यार्थिनी पाहते तशी.

तो दिवस बाईंनी मुलाची वकिली करण्यात घालवला. नाजूक काम, घरीही पाने आणतो, शांतता लागणारच. युक्तिवाद चांगला होता. त्यात खोट एवढीच होती की तो त्यांना स्वतःला दहादा ऐकवावा लागला. शत्रूचा तंबू दिसत असताना चोरदरवाजा उघडा ठेवणाऱ्या राजांना बाई वर्गात हसल्या होत्या. त्या राजांना काय वाटत असेल, हे त्यांना आता कळले: काही वाटत नसते.

आठवडाभरात दंतवैद्याची खोली झाली आणि कंपनीची माणसे पाचव्या मजल्यावर पोचली. मुलगा संग्रहालयात गेल्याचे पाहून बाई वर गेल्या. दार उघडे होते. झोपण्याच्या खोलीत कारागीर फलक चिकटवत होता. पलंगाजवळच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, गिलावा वाटीसारखा आत गेला होता.

“हे आधी भरून घेऊ का?” कारागिराने विचारले.

“राहू दे,” सून म्हणाली. “झाकलं जाईल.”

त्या दोन शब्दांनी बाईंची वकिली बरखास्त झाली. सुनेने त्यांना न्हाणीघरात नेले, दार लोटले आणि नळ सोडला. बोलायचे म्हणजे नळ सोडायचा, ही तिची सवय दिसत होती.

“किती दिवस?” बाईंनी विचारले.

सुनेने पाइपाकडे बोट दाखवले. “तुमचे ठोके इथपर्यंत येतात, आई. पहिल्यांदा ऐकले तेव्हा वाटलं, माझ्यासाठीच आहेत.”

“आणि तो?”

“हसायचा. म्हणायचा, आईची समाजसेवा सुरू झाली. मग टॉवेल ओला करून आणायचा. ओल्या टॉवेलाचा आवाज खाली जात नाही.” ती पाढा म्हणावा तशा आवाजात बोलत होती. “दंतवैद्याला तुम्ही थांबवलंत. ह्याला शिकवलंत.”

 दर रविवारी त्याच्या आवडीचे रांधून त्या हातांना बाईंनी वाढले होते, आणि जेवणाआधी ते हात दोनदा धुतले जातात याचे कौतुक केले होते. त्यांनी बेसिनच्या कडा धरल्या.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? तुम्ही जगाला सांगत होतात, झुरळ मारवत नाही त्याला.” सून पहिल्यांदा किंचित हसली. “खरंच मारवत नाही, आई. झुरळं मी मारते.”

मग तिने सांगितले की सांगायचा प्रयत्न तिने केला होता. खालून ठोके आले की ती न्हाणीघराला कडी लावायची आणि केसांच्या ब्रशच्या मुठीने पाइपावर तीन ठोके द्यायची. तुम्ही तीन, मी तीन. महिनोन्‌महिने.

बाईंना ते ठोके आठवले. आठवले हेच वाईट झाले. वरून येणारी ती बारीक टकटक त्यांना वाचताना सतावत असे. त्यांनी सेक्रेटरींकडे तक्रार केली होती, ‘पाइपात हवा भरलीय’ असे सेक्रेटरी म्हणाले होते, आणि प्लंबर येऊन काम करून गेला होता. टकटक बंद झाली तेव्हा बाईंनी त्याची तारीफसुद्धा केली होती. ते काम आता त्यांच्या डोळ्यांसमोर होते: पाइपाला खाली-वर आवळून बसवलेल्या रबराच्या दोन जाड, काळ्या पट्ट्या. इमारतीतले पहिले साउंडप्रूफिंग दंतवैद्याचे नव्हते. ते बाईंनी करवून घेतले होते.

त्यांनी नळ बंद केला. “चल खाली.”

“काय घेऊ?”

“तपासायचे पेपर असतील तर घे. बाकी मी देते.”

संध्याकाळी मुलगा आला. बेल दोनदा वाजली, अगदी हलकी. घंटेला दुखू नये अशी. बाई दारापाशी गेल्या, पण साखळी काढली नाही. मागे टेबलाशी सून वह्या तपासत बसली होती; तिची पेन्सिल थांबली.

“आई, दार उघड. ती दमलीय, तिला घरी नेतो.” आवाज मऊ होता, जुन्या कागदाशी बोलावे तसा. दार उघडत नाही असे पाहून त्याने आवाज आणखी खाली आणला. “उगाच तमाशा नको. लोक ऐकतील.”

“ऐकण्यासाठीच आहेत ते,” बाई म्हणाल्या.

त्या न्हाणीघरात गेल्या, बत्ता उचलला आणि पाइपावर ठोके घालू लागल्या. तीनावर थांबल्या नाहीत. दारे उघडल्याचे आवाज जिन्यात येऊ लागले. इतकी वर्षे ज्या दारांना ऐकू आले नव्हते, ती सगळी या ठोक्यांनी पटापट उघडली. बाईंनी दाराच्या भिंगातून पाहिले: सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ, मिक्सरवाला. भिंगात फुगलेले, गोल, डबक्यातल्या बेडकांसारखे ते चेहरे त्यांच्या मुलाभोवती सहानुभूतीने जमले होते. कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या दिवशी सभेत वर गेलेलाच तो हात.

“मॅडम, ठोकाठोकी थांबवा,” सेक्रेटरी म्हणाले. “घरातली गोष्ट घरात मिटवा. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आई, मी तुला कधी उलट शब्द बोललोय का?” मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात खरेखुरे दुःख होते, आणि बाईंना सर्वांत जास्त किळस आली ती त्याची. स्वतःसाठी त्याला रडता येत होते.

त्या काही बोलणार, तेवढ्यात न्हाणीघरातून टकटक आली. सून उठून उभी राहिली. बाईंनी पाइपाला कान लावला. तिसऱ्या मजल्यावरून, फलक लावलेल्या खोलीच्या पलीकडून, जिथे भिंतींना अजून कोणी काही चिकटवले नव्हते त्या न्हाणीघरातून, कोणीतरी ठोके देत होते. एक, दोन, तीन. मग पुन्हा, घाईघाईने, अडखळत.

“मी बाहेर पडले की कडी लाव,” बाईंनी सुनेला सांगितले. “मी हाक मारल्याशिवाय उघडायची नाही. पोलिसांना फोन कर. दोन घरं सांग, तिसरा मजला आणि पाचवा.”

“पाचवा म्हणजे तुमचा मुलगा, आई.”

“त्याचं पूर्ण नाव सांग. स्पेलिंग विचारतील.”

साखळी काढून त्या बाहेर आल्या. मागे कडी बसल्याचा आवाज झाला. हातात बत्ता होता. मुलगा पुढे झाला, मग त्यांचा चेहरा पाहून मागे सरला. ठोके आता जिन्यातही ऐकू येत होते. सगळ्यांना येत होते; कोणी वर पाहत नव्हते.

“हवा भरलीय पुन्हा,” सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले. “उद्या प्लंबरला बोलावतो.”

बाई त्यांच्या मधून वाट काढत तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या चढू लागल्या.